लिलावात घेतलेलं जुनं मिलिंग मशीन घरच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा चालू होईल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लिलावात एचएमटी कंपनीचं आडवं मिलिंग (आडव्या दांड्यावर फिरणाऱ्या कटरने धातू कापणारं मशीन) मिळालं, तीन वर्षं ते शेडबाहेर पावसात होतं, टेबल (ज्यावर काम बांधतात तो सरकता भाग) जाम आहे, घरात सिंगल फेज वीज आहे आणि तुम्ही ग्राइंडरला वायर ब्रश लावून रंग खरवडायला घेतलाय. मशीन चालू होईल. पण रंगाचं काम आजच थांबवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ घरात पसरायला नको. शिवाय तोच ब्रश चुकून स्लाइडवर, म्हणजे टेबल ज्या पृष्ठभागांवर सरकतं तिथे फिरला, तर तिथलं स्क्रेपिंग (हाताने खरवडून आणलेला अचूक सपाटपणा) कायमचं जाईल.

मी कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंजाबातल्या बटाल्याचं एक आडवं मिलिंग उभं केलं. रविवार धरून करत गेलो, चौदा महिने लागले. त्यातले पहिले दोन महिने फक्त जाम सोडवण्यात गेले.

टेबल हलत नाही म्हणून हँडलला पाईप घालून जोर लावू नका. आधी स्लाइडच्या कडांना, टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या नटाला, जिबच्या (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) स्क्रूंना रॉकेल किंवा डिझेल सोडा आणि रोज थोडं थोडं सोडत राहा. माझ्या मशीनवर गंज वरवरचाच होता, खरा जाम ग्रीसचा होता. आधीच्या मालकाच्या माणसांनी तेलाच्या निपलमध्ये ग्रीस गन लावली होती. ते ग्रीस नळ्यांमध्ये मेणासारखं घट्ट बसलं, आणि स्लाइड वर्षानुवर्षं कोरड्या घासत राहिल्या. सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग) उतरवल्यावर तेलाच्या बारीक खाचांत ते काळं, साबणाच्या वडीसारखं दिसलं. बारीक तार, रॉकेल आणि हवेचा झोत यांनी प्रत्येक भोक मोकळं केलं. दुसऱ्या टोकाला तेलाचा थेंब उगवेपर्यंत मी पुढच्या भोकाकडे गेलो नाही. तुमच्याकडेही हे आधी तपासा. या जागी फक्त तेल, ग्रीस कधीच नाही. स्लाइडसाठी ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल मिळतं.

खोलताना एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. टेबल सरकवणाऱ्या फीडच्या शाफ्टवर टेपर पिन, म्हणजे एका टोकाला बारीक होत जाणारी पिन होती. बारीक बाजू न ओळखता मी जाड बाजूने हातोडी घातली. पिन आणखी घट्ट झाली आणि बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कान तडकला. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात एका मिस्त्रींनी तो भाग सावकाश तापवून पितळेने सांधून (ब्रेझिंग करून) दिला, आजही टिकून आहे. पिनेची दोन्ही टोकं साफ करा, व्हर्नियरने मापा, आणि लहान टोकाकडूनच ठोका.

टेबल सुटलं की झीज मोजायची. अख्ख्या मशीनचं भवितव्य या मोजणीवर आहे. टेबल मधोमध आणा आणि तिथे हलकं फिरेल पण डुलणार नाही इतका जिब आवळा. मग टेबल दोन्ही टोकांना न्या. टोकांना जड होऊन अडकलं, तर मधला भाग झिजलाय, कारण काम सगळं मध्येच होतं. टोकांना मोकळं फिरेल असा जिब ठेवून मध्ये आणि मग दोन्ही टोकांना डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं गेज) लावा, टेबल हाताने आडवं ढकला आणि सुई किती हलते ते लिहून ठेवा. माझी मध्ये सहा शतांश मिलिमीटर हलली. स्क्रेपिंगला घातलं नाही, कारण मला लागणारं काम त्यात निभत होतं. स्क्रेपिंगला सरफेस प्लेट (अचूक सपाट पाट), चांगली स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि शिकवणारा हात लागतो. घाईने टेबलचा वरचा भाग कुणाकडून ग्राइंडिंगला देऊ नका. खालची झीज तशीच राहते, आणि झिजलेल्या बाजूवरच टेबल बांधलं असेल तर तीच चूक वर उतरते.

लीड स्क्रूचा, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा प्ले (हँडल फिरूनही टेबल हलत नाही ती ढिलाई) दोन ठिकाणी मोजा, मध्ये आणि टोकाला. दोन्हीकडे सारखाच असेल तर नट गेलाय. मध्ये जास्त असेल तर स्क्रूही झिजलाय, नवा नट घालून पूर्ण भागणार नाही. प्ले जास्त असेपर्यंत कटरच्या फिरण्याच्या दिशेने टेबल सरकवून कट घेऊ नका, कटर टेबल आत ओढतो. नटाची काळजी मात्र कोल्हापुरात करायची नाही. उद्यमनगर काय किंवा शिरोलीची औद्योगिक वसाहत काय, गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) ओतणारे आणि आटे पाडणारे जवळ आहेत. जुना नट नमुन्याला न्या. आटे डावे आहेत की उजवे ते नीट बघा, लिहून द्या.

स्पिंडलच्या (कटर फिरवणारा मुख्य दांडा) टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात डायल लावून हाताने फिरवा. एक शतांशाच्या आत असेल तर बेअरिंगला हात लावू नका.

मोटरची नेमप्लेट वाचा. ४१५ व्होल्टला स्टार लिहिलं असेल आणि डबीत सहा टर्मिनल असतील, तर डेल्टात जोडून (स्टार आणि डेल्टा या मोटरची वायंडिंग जोडायच्या दोन पद्धती) २३० व्होल्टच्या सिंगल फेज ड्राइव्हवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर चालते. ३ एचपीपर्यंत असे ड्राइव्ह सहज मिळतात. मशीनचा जुना कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये ठेवू नका. चालू-बंदची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला द्या. वेग कमी करायला गिअरच वापरा. ड्राइव्हने फार खाली आणलात तर मोटरचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. मोटर ५ एचपीची निघाली तर आधी घराचा मंजूर लोड बघा.

कोल्हापूरचा पावसाळा विसरू नका. मी पहिल्या वर्षी मशीनवर प्लास्टिक टाकलं आणि आत घाम धरून ताजा गंज चढला. आता स्लाइडवर तेल आणि वर जुनी सुती चादर, एवढ्यावर चार महिने निघतात.

रंग सगळ्यात शेवटी. मी खंडेनवमीच्या आदल्या रात्री लावला, दुसऱ्या दिवशी पूजेला हळदकुंकू वाहताना तो बोटाला लागत होता.

या रविवारी टेबल मोकळं झालं, तर डायलचे तीन आकडे इथे लिहा: मधला आणि दोन टोकांचे. नटाचं आणि स्क्रेपिंगचं त्यावरून ठरवू.