शिराळ्याकडं डोंगराआड गेलं की एफएम खरखरतं, पण सांगली आकाशवाणी लागते, असं का?

रेडिओला दोष देऊ नका, सगळा खेळ लाटेच्या लांबीचा आहे. रेडिओ, मोबाईल, उजेड, एक्स-रे ही सगळी एकाच घरातली भावंडं, विद्युतचुंबकीय लहरी, पोकळीत सगळ्यांचा वेग सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटरच, फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला किती लाटा जातात त्याचा. आता वेगाला फ्रिक्वेन्सीनं भागलं की लांबी निघते. सांगली केंद्र मिडियम वेव्हवर 1251 किलोहर्ट्झला आहे म्हणजे एक लाट साधारण 240 मीटर लांब, आणि एफएम 100 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जेमतेम 3 मीटर. लांब लाट अडथळ्याला वळसा घालून पलीकडं उतरते, शिवाय जमिनीला धरून पण लांब जाते, आखूड लाट जवळजवळ सरळच जाते त्यामुळं मध्ये डोंगर आला की पलीकडं सावली पडल्यासारखं होतं. उजेडाची लाट तर 400 ते 700 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), म्हणून टेकडीमागचा बल्ब दिसत नाही पण त्याच टेकडीमागचा डॉल्बी मात्र झोपू देत नाही (आवाज ही वेगळी लाट बरं का, तिला हवा लागते, वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, पण वळायचा नियम तोच).

आणि रात्री मिडियम वेव्हवर कुठली कुठली लांबची स्टेशनं घुसतात ना, ते वेगळं कारण, दिवसा आयनोस्फिअरचा (खूप उंचावरच्या विद्युतभारित हवेचा) खालचा थर ह्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो मग वरच्या थरावर आपटून त्या परत खाली येतात. एफएम तसं सहसा परतत नाही, सरळ वर निघून जातं.