संकल्प ‘सोडला’ म्हणजे केला की टाकला? आणि कापडाच्या साठ्याला काय म्हणावं?

देवगडकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: “मी गोधड्या शिवते, जुन्या लुगड्यांच्या आणि हल्ली नव्या कापडाच्याही. पाडव्याला वर्षभराच्या शिवणाचे संकल्प सोडले, असं घरच्यांना कळवलं. मुंबईच्या भाचीचा लगेच निरोप, ‘मावशी, पहिल्याच दिवशी सोडलेस?’ चुकलं कोण? दुसरं, क्विल्ट करणाऱ्या बायका घरातल्या कापडाच्या साठ्याला ‘स्टॅश’ म्हणतात. माझ्याकडे इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, निळ्या छापाचं सुती असं बरंच साठलंय. याला मराठीत काय म्हणू? अर्धवट राहिलेल्या गोधड्यांना काय म्हणू? आणि ‘फॅट क्वार्टर’ या कापडाच्या मापाला?”

आधी संकल्प. चुकलं कोणीच नाही, पण तुमचा प्रयोग जुना आहे. पूजेला बसल्यावर उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतात, गुरुजी तिथी-वार-नक्षत्र म्हणतात, शेवटी ‘करिष्ये’ म्हणून ते पाणी ताम्हनात सोडायचं. सोडायचं ते पाणी. संकल्प त्याच क्षणी पक्का होतो. म्हणून ‘संकल्प सोडला’ म्हणजे केला. घोटाळा असा की हेच पाणी दान देतानाही सोडतात. त्यावरून ‘अमुक गोष्टीवर पाणी सोडलं’ म्हणजे तिचा नाद कायमचा सोडला, असा अगदी उलटा अर्थ रूढ झाला. त्यात उपास सोडतात, नोकरी सोडतात, दारू सोडतात. ज्या घरात पळी-ताम्हन वर्षातून एकदा, गणपतीत निघतं, तिथल्या मुलीला ‘संकल्प सोडला’ हे त्याच रांगेतलं वाटलं तर नवल नाही. बोलताना खुशाल म्हणा, पण लिहून कळवायचं असेल तर ‘संकल्प केला’ बरं.

सोबत पाठवलेली तुमची संकल्पांची यादी वाचली आणि वाटलं, सगळ्यालाच संकल्प म्हणू नये. ‘गणपतीपर्यंत नवं कापड घ्यायचं नाही’ हा नेम. नेम धरतात, पाळतात आणि मोडतातही. ‘आजीच्या लुगड्यांची वाकळ यंदा पुरी करायची’ हा संकल्प. ‘खणाच्या तुकड्यांचं काहीतरी करायचं’ हा नुसता बेत, तो फिसकटला तरी कोणी विचारत नाही. आणि ‘उद्दिष्ट’ हा शब्द कचेरीला लखलाभ. उद्दिष्ट ठरलं की मागोमाग आढावा बैठक येते.

आता स्टॅश. इंग्रजीतल्या या शब्दाच्या पोटात मुळात दडवून ठेवणं आहे. क्विल्टवाल्या बायका तो हसत वापरतात त्याचं कारणही तेच, कारण नव्या कापडाची पिशवी नवऱ्याच्या नजरेआड कपाटात जायची असते. दडवलेल्याला मराठीत ‘डबोलं’ आहे, पण ते पैशाचं. कापडाचं डबोलं म्हटलं तर आत नोटा आहेत असं वाटेल. ‘साठा’ दुकानदाराचा, नाहीतर पोलिसांनी जप्त केलेला. ‘संग्रह’ आधी मलाही बरा वाटला होता, पण तो काचेआड राहतो. संग्रहाला कात्री लावत नाहीत.

माझं मत ‘बेगमी’. कोकणात हा शब्द शिकवावा लागत नाही. आगोट जवळ आली की तांदूळ, कुळीथ, मिरची, आमसुलं, सुकं म्हावरं, लाकूडफाटा असं सगळं घरात येऊन पडतं, ती पावसाची बेगमी. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलात की हीच ‘पुरुमेंत’ होते. तो शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. आपली बेगमी फारसीतून आली, ‘बे-गम’ म्हणजे चिंता नसलेला. मूळ अर्थ निश्चिंती. पुढे निश्चिंत होण्यासाठी जे भरून ठेवायचं, त्यालाच बेगमी म्हणू लागले. (बेगमसाहिबांचा इथे संबंध नाही, तो शब्द तुर्कीकडचा.) कापडाचं कपाट उघडून नुसतं बघत बसणाऱ्या कोणालाही विचारा, त्यात निश्चिंतीच असते. शिवाय बेगमी ही वापरून संपवायची गोष्ट आहे, त्यामुळे तुमचा नेमही एका ओळीत बसतो: गणपतीपर्यंत बेगमीतलंच वापरीन.

मात्र इरकलीच्या काठांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘कात्री लावायचा धीर होत नाही.’ मग ते बेगमीत धरू नका, तो संग्रहच. जाता जाता, इरकल ही स्वतःच जोडलेली असते. कर्नाटकातल्या इलकलचे विणकर अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळे घेतात आणि मागावरच फासे घालून एकमेकांत अडकवतात. जोडाचं कापड तुम्ही जोडकामासाठी जपून ठेवलंय.

खणाचं तर विचारू नका. चोळीपुरतं कापड तो खण, कपाटाचा कप्पा तो खण, आणि कोकणातल्या जुन्या घरात दोन तुळयांमधली जागाही खणच. तुमच्या घरात खणातल्या खणात खण असणार. कापडाचे गट पाडणारच असाल तर हा शब्द आयता आहे: निळ्याचा खण, काठांचा खण, शर्टांच्या कापडाचा खण. पावसात मात्र या सगळ्या खणांना कुबट वास येतो. कोकणातल्या एवढ्या पावसात कापडाला बुरा चढतो, जरीच्या काठाला काळं येतं, कसर लागते. म्हणून आश्विनात कापडांना ऊन दाखवायचं. हा ‘दाखवायचं’ मला फार आवडतो. निळीच्या कापडाला मात्र उलट्या बाजूने आणि थोडाच वेळ दाखवा, निळीला ऊन सोसत नाही.

तुमच्या प्रश्नात तुम्ही न विचारलेली एक गोष्ट दडलेली आहे: नव्या कापडाच्या साठ्याला मराठीत घरगुती शब्द का नाही? कारण गोधडीसाठी नवं कापड साठवायची रीतच नव्हती. आपल्याकडे शब्द आहेत ते कापडाच्या वयाचे. कोरं असतं तेव्हा ते लुगडं किंवा पातळ. नेसून नेसून विरलं की जुनेर. मधोमध, बसायच्या जागी फाटलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे मधे शिवण घालून जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं नेसून पाहुण्यांसमोर यायला बायका लाजत. त्यानंतर अर्धं फाडून वापरला तो धडपा. मग चिरगुटं, फडकी, चिंध्या. जमीन सारवायला घेतलं ते पोतेरं. आणि पीळ घालून, तेलात बुडवून पेटवला तो काकडा, ज्यावरून काकडआरती. या उतरंडीत गोधडी येते जुनेर आणि चिरगुटाच्या मधे कुठेतरी. अंगावर घालता येत नाही आणि टाकवतही नाही, असं कापड तिच्यात जातं.

तेव्हा नव्या, कोऱ्या कापडाच्या क्विल्टला गोधडी म्हणावं का? म्हणावं. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा चाकरमानी गावी येताना कटपीस आणत. त्यातले अंगाला न पुरणारे तुकडे कोरेच वाकळेला लागत आणि वाकळ काही बिघडत नसे. पण चारही नावं एकमेकांच्या जागी टाकू नका, ती एक नव्हेत.

‘गोधडी’ हे सर्वसाधारण नाव. गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी. शेजाऱ्यांकडे ‘द’ आहे तेव्हा ‘गोधन’ वगैरे काढून त्यात गाय बांधू नये. ‘वाकळ’ हे तळकोकणात आणि घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे चालतं. त्याचं मूळ ‘वल्कल’ असं मानतात आणि ध्वनींच्या हिशोबाने ते बसतं: वल्कल, वक्कल, वाकळ. ‘कर्ण’चा ‘कान’ झाला त्याच वाटेने, आणि शेवटी ‘ल’चा ‘ळ’, जसा फलचं फळ. ऋषींचं झाडाच्या सालीचं वस्त्र आपल्या माजघरात वळकटीत येऊन पडलं. ‘दुपटं’ तान्ह्या बाळाचं, नावाप्रमाणे दोन पट.

आणि ‘चौघडी’. हिच्यात मला सगळ्यात जास्त गंमत वाटते. नऊवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या आडव्या चार घड्या घाला: सहा फूट नऊ इंच. माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावून वर वीतभर उरतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पुरतो एकट्याच्या अंथरुणाला. एक धड लुगडं, चार घड्या, कडेने टाचून मधे दोरे घातले की पांघरूण तयार. कात्री नको, मोजपट्टी नको, कापूसही नको. सहावारीला हे जमत नाही. ती साधारण अठरा फूट, तिच्या तीनच घड्या होतात आणि तिघडी असं काही कोणी म्हणत नाही. नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या तशी चौघडीही कमी ऐकू येऊ लागली.

कारवारच्या वर घाटमाथ्यावर, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका जी गोधडी शिवतात ती ‘कवंदी’. कानडीतल्या ‘कौदी’ची ही बहीण. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत तुकडे लावत जातात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी ‘फुलां’ बसवतात. तुमच्या कोपऱ्यांना नाव हवं असेल तर हे घ्या, कोकणीच आहे.

शिवणाचे बाकीचे शब्द झटपट. तुकड्याला तुकडा शिवणं ते जोडकाम. त्याला ‘ठिगळकाम’ म्हणू नका. ठिगळ भोकावर बसतं, जोड कडेला कड लागून होतो, आणि आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, हे म्हणून म्हणून त्या शब्दात कायमची हतबलता भरलीय. थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालणं म्हणजे टाचणं. पाठीचं कापड अस्तर. सगळ्या थरांतून धावदोरा नेणं म्हणजे दोरे घालणं. कडेच्या पट्टीला गोट म्हणा. शिंप्यांना तो माहीत आहे, ‘बाइंडिंग’ही माहीत आहे, दोन्हीपैकी काहीही चालेल. मधल्या पॉलिस्टरच्या थराला मराठी नाव शोधत बसू नये. आपल्या दमट हवेत तो घालूच नये असं माझं मत, पण तो शब्दांचा प्रश्न नव्हे.

अर्धवट राहिलेल्यांना क्विल्टवाल्या ‘यूएफओ’ म्हणतात, ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’चं लघुरूप, म्हणजे उडत्या तबकडीचंच नाव. विनोद चांगला आहे, तो मराठीत येत नाही आणि आणूही नये. आपल्याकडे कामाच्या अवस्था हातावरून सांगतात. घेतलेलं काम ‘हाती’ असतं, संपलं की ‘हातावेगळं’ होतं, आणि मधे जे पेटाऱ्यात पडून राहतं ते ‘रखडलेलं’. नुसत्या दोऱ्यांसाठी थांबलेल्या गोधडीला मात्र मी ‘खोळंबलेली’ म्हणेन, कारण तिचं सगळं झालेलं असतं आणि ती फक्त तुमच्यासाठी थांबलेली असते. यादीत लिहा: ‘खोळंबलेल्या दोन्ही हातावेगळ्या करायच्या.’ भाचीलाही कळेल.

राहिला फॅट क्वार्टर. एक वार कापडाचा चौथा हिस्सा, पण लांबट पट्टी नव्हे: आधी अर्धा वार फाडायचा, मग तो पन्ह्यात मधोमध कापायचा, म्हणजे साधारण अठरा बाय बावीस इंचांचा ऐसपैस तुकडा येतो. म्हणूनच ‘फॅट’. ‘पाव वार’ असं भाषांतर करून दुकानात मागितलंत तर नऊ इंचांची, पूर्ण पन्ह्याची चिंचोळी पट्टी हातात पडेल आणि तिच्यातून मोठा चौकोन निघायचा नाही. शिवाय आता दुकानात वार नाही, मीटर आहे. ‘अर्धा मीटर द्या आणि पन्ह्यात मधोमध दोन करा’ असं सांगा. तुकडा मूळ मापापेक्षा थोडा मोठाच मिळेल. नाव हवंच असेल तर ‘रुंद पाव’ म्हणता येईल, पण दुकानदार बेकरीचा रस्ता दाखवील.