उसाच्या चरकातून एचिंग निघंल का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, तीस वर्षं बोर्ड रंगवले, फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला. मागच्या महिन्यात पोरानं मोबाईलवर पिरानेसी नावाच्या इटालियन माणसाची तुरुंगाची एचिंग (म्हणजे पत्र्यावर ॲसिडनं रेघा खोदून, त्यात शाई भरून कागदावर काढलेले छापे) दाखवली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. मला आपल्या पन्हाळ्याचा अंबरखाना, गडावरचं ते धान्याचं कोठार, तसा करायचाय, म्हणजे आहे तसा नाही, कमानीतून कमानी, जिन्यावर जिने, आणि खाली अंधारबाव. आमच्या कट्ट्यावरचे म्हणतात ही तर कॉपी झाली. खरंच होते का? आणि प्रेस, ॲसिड हे घरी जमण्यासारखं आहे का?

उत्तर : दादा, कट्ट्यावरच्यांना आधी चहा पाजा आणि मग विचारा, की पिरानेसीनं तरी ते तुरुंग कुठं बघितले होते? कुठंच नाही. १७५० च्या आसपास त्यानं १४ प्लेटा, म्हणजे छाप्याचे खोदलेले पत्रे, केल्या आणि त्यात त्या काळच्या इटालियन नाटकांचे पडदे सरळ दिसतात, कोपऱ्यातून तिरकं दाखवलेलं बांधकाम, कमानीमागं कमान, ते सगळं रंगभूमीवरनं आलंय. आता बघा, आपल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी पण नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेच की. म्हणजे पडद्यातली खोली कागदावर आणायची तर कोल्हापूरकराला परकं काय आहे त्यात?

कॉपीचं म्हणाल तर, आधी खुशाल कॉपी करा, पण उघड. स्पेनच्या गोयानं १७७८ मध्ये त्याच्या आधीच्या वेलास्केझ या चित्रकाराच्या पेंटिंगांवरून एचिंग केली, खाली मूळ चित्रकाराचं नाव घालून. त्यातनं हात बसला आणि पुढं २१ वर्षांनी, १७९९ ला, त्याची ८० प्लेटांची ‘काप्रिचोस’ मालिका आली, ती मात्र शंभर टक्के त्याचीच. उलटी गंमत ब्रूगेल या चित्रकाराची. ‘मोठे मासे लहान मासे खातात’ हे चित्र त्यानं १५५६ ला काढलं, पण दुसऱ्या वर्षी त्याचा छापा आला तो बॉश या जुन्या चित्रकाराच्या नावावर, आणि बॉश तर १५१६ लाच गेलेला! का, तर बॉशचं नाव खपत होतं. म्हणून तुमची पहिली प्लेट पिरानेसीवरून करा, खाली ‘पिरानेसीवरून’ असं लिहा, आणि दुसऱ्या प्लेटला मोबाईल बंद करून स्केचबुक घेऊन पन्हाळ्यावर जा. त्याचे जिने उचलू नका, अंधार कसा साठवलाय ते उचला.

आता घरचं. नायट्रिक ॲसिडच्या नादाला लागू नका, धूर फुफ्फुसात जातो. तांब्याचा पत्रा घ्या, पोस्टकार्डाएवढा बास, आणि फेरिक क्लोराईड, सर्किट बोर्डवाले वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. प्लास्टिकचा ट्रे, ग्लोव्हज, चष्मा, खिडकी उघडी. पत्र्यावर ग्राउंडचा म्हणजे मेण-डांबराचा पातळ थर, त्यावर सुईनं रेघा, मागची बाजू टेप लावून बंद, आणि प्लेट ट्रेमध्ये पालथी घाला, खाली थोडा आधार देऊन, नाहीतर गाळ रेघांत बसतो आणि खोदकाम थांबतं. वापरलेलं फेरिक मोरीत ओतायचं नाही हं, पाईप खातं ते.

प्रेसला दोन रोलर, मधे सरकणारा सपाट पत्रा आणि वर दाब द्यायला स्क्रू, एवढंच असतं. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये चित्र काढून दाखवा, बनवून देतील, ज्या गावात बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवून घेतला तिथं एक प्रेस काय अवघड आहे. आणि हो, उसाच्या रसाच्या चरकातून काढायचं डोक्यात आलं असेल तर (मला एकानं खरंच विचारलेलं!) नको, त्याच्या रोलरला खाचा असतात, कागदाचा चोथा होईल. कागद आधी भिजवून टिपून घ्या, वर जाड फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, ठेवा.

एक मात्र सांगते, पहिला छापा फिका आला म्हणून प्लेट टाकू नका. पिरानेसीनं त्याच प्लेटा १७६१ ला परत खोदल्या, अंधार वाढवला, आणखी जिने-दोर घातले, दोन नव्या जोडून १६ केल्या. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेत ते हे दुसऱ्या खेपेचेच तुरुंग.

बाकी छाप्यात सगळं उलटं येतं, डावं उजवीकडं, अक्षरंसुद्धा. कॉलेजातली पोरं इथंच हमखास गंडतात. पण तुम्ही दुकानांच्या काचांवर आतनं उलटी नावं रंगवली असणार, त्यामुळं सही करताना तुम्हाला आरसा लागणार नाही.