फ्रिजमध्ये दगड झालेली केंकी पुन्हा मऊ कशी करायची

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि घानातल्या टेमा शहरातलं माझं पहिलं वर्ष आठवलं. शेजारच्या आंटींनी सहा केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे शिजवलेले गोळे, दिल्या, तुम्ही त्या सोलून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या, दुसऱ्या दिवशी त्या दगड झाल्या, मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या तर चिवट झाल्या आणि वर आंबूस वास येतोय. टाकून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका. तो वास पहिल्या दिवसापासूनच तिच्यात होता आणि कडकपणा फ्रिजमुळे आलाय. दोन्हींवर उपाय आहे.

मी घानात आठ वर्षं होते. पहिल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या आंटींनी प्रेमाने दिलेल्या चार केंकी मी 'आंबल्यात' म्हणून कचऱ्यात टाकल्या. पुढे त्यांच्या अंगणात बसून केंकी होताना पाहिली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मका दोन-तीन दिवस भिजत घालायचा, गिरणीतून ओला दळून आणायचा, त्याचं पीठ मळून आणखी दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी घरभर जो वास सुटतो, अगदी तोच वास त्या अंगणात होता. मग निम्म्या पिठाची उकड काढायची. तिथे या उकडीला अफ्लाता म्हणतात. आंटी उभ्याने, दोन्ही हातांनी जाड लाकडी दांड्याने ती घाटत होत्या. खांद्यावरून घामाची धार लागली होती आणि पातेलं हलू नये म्हणून त्यांची मुलगी ते फडक्याने धरून बसली होती. गरम उकड उरलेल्या कच्च्या पिठात मिसळून मळली, गोळे केले, कणसाच्या सालीत गुंडाळून टोकं आत खोचली आणि मोठ्या पातेल्यात रचून तासन्‌तास शिजवले. चार-पाच दिवसांचं काम, आणि मी ते वासावरून निकालात काढलं होतं.

तर हे लक्षात ठेवा की केंकी ही आंबवलेल्या मक्याची उकड आहे. मोदकाच्या उकडीचं जे होतं, तेच तिचं होतं. पिठूळ पदार्थ शिजला की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुलतो. गार झाला की तो पुन्हा घट्ट आवळायला लागतो आणि पाणी बाहेर ढकलतो. हे फ्रिजच्या थंडीत सगळ्यात झपाट्याने होतं, फ्रीझरमध्ये मात्र जवळजवळ थांबतं. म्हणून शिळा भात फ्रिजमध्ये मोकळा, कडक होतो आणि उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी चामट लागतात. तो स्टार्च पुन्हा मऊ करायला उष्णता हवी आणि सोबत पाणीही हवं. तुम्ही मायक्रोवेव्हमध्ये उष्णता दिलीत, पण होतं ते पाणीही उडून गेलं.

ठेवायची कशी? टेमात, अक्रात मिळते ती गा लोकांची केंकी. ते तिला कोमी म्हणतात. तिच्यात मीठ असतं आणि ती कणसाच्या सालीत असते. सालीसकट, हवेशीर टोपलीत, फडक्याखाली ती बाहेरच तीन दिवस छान राहते. तिचा आंबटपणाच तिला टिकवतो. फांटी लोकांची केंकी, म्हणजे दोकोनो, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळलेली, बहुतेक बिनमिठाची असते आणि ती आणखी टिकते. प्रवासाला नेण्याची ती वस्तू. दोन्हींना प्लॅस्टिकची पिशवी वर्ज्य. गरम केंकी पिशवीत बांधली की आत घाम सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी सालीवर बुरशी येते. आंटींनी काळ्या पिशवीत दिली असेल, तर घरी आल्या आल्या बाहेर काढा.

तीन दिवसांत संपणार नसेल तर सालीसकट एकेक गोळा घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये टाका. फ्रिजचा खालचा कप्पा हा तिच्यासाठी सगळ्यात वाईट मुक्काम. फक्त वीज सांभाळा. आम्ही तिथे होतो तेव्हा 'डुमसॉर'चे दिवस होते. वीज जाते-येते त्याला घानात हाच शब्द आहे. एकदा दीड दिवस वीज नव्हती आणि फ्रीझरमधल्या डझनभर केंकी विरघळल्या. त्या मी पुन्हा गोठवल्या नाहीत, वाफवून शेजारी वाटल्या.

गरम करताना साल काढू नका. साल पाण्यात बुडवून ओली करा आणि मोदकपात्रात नाहीतर इडलीच्या भांड्यात चाळणीवर ठेवून वाफवा. बाहेर ठेवलेलीला दहा-पंधरा मिनिटं, फ्रिजमधलीला अर्धा तास, गोठलेलीला पाऊण तास तरी. सुरी मधोमध खुपसा. पातं आतून गरम आलं की झाली. तुम्ही साल आधीच काढली आहे, तर केळीच्या पानात किंवा ओल्या पंच्यात गुंडाळून वाफवा. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर बोटभर जाडीचे काप करा, दोन चमचे पाणी शिंपडा, वर झाकण ठेवा, दोन मिनिटं गरम करा आणि झाकण न काढता तेवढाच वेळ मुरू द्या. एका वेळी खाल तेवढीच वाफवा. पुन्हा पुन्हा गार-गरम केलेल्या केंकीची चव राहत नाही.

खराब झालेली कशी ओळखायची? नुसत्या आंबटपणाला घाबरू नका. बोटांना बुळबुळीत लागली, तोडताना तार सुटली, काळे, हिरवे किंवा गुलाबी ठिपके दिसले, कुजका वास आला तर सगळा गोळा टाका. बुरशीचा भाग कापून बाकीचा खायचा मोह नको. मक्यावरच्या काही बुरशींचं विष साध्या शिजवण्याने जात नाही.

आपले बरेच जण अशा सगळ्याच गोळ्यांना 'फुफू' म्हणतात आणि त्यामुळे गोंधळ होतो. घानातला फुफू म्हणजे उकडलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) आणि भाजीची मोठी केळी उखळात कांडून केलेला गोळा. तो आंबवलेला नसतो, म्हणून केंकीसारखा बाहेर ठेवायचा नाही. त्याच जेवणात संपवा. उरलाच तर झाकून फ्रिजमध्ये एक रात्र. सकाळी तुकडे करून, पाण्याचा हबका मारून गरम करा आणि ओल्या लाकडी चमच्याने घोटून एकजीव करा. पहिल्यासारखा तो होत नाही, हे खरं सांगते. त्यापेक्षा फुफूचं पीठ घरात ठेवा. ते आधी गार पाण्यात कालवून मगच आचेवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या.

बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा आणि कसाव्याचा घाटलेला गोळा, घरी करायचा विचार आहे म्हणालात. करा, सोपा आहे. बाजारात आंबवलेलं मक्याचं पीठ आणि किसलेल्या कसाव्याचं पीठ, दोन्ही ओलं मिळतं. मी तीन वाट्या मक्याला एक वाटी कसावा घेते. पातळ पिठल्याइतकं कालवायचं, मीठ घालायचं आणि मध्यम आचेवर हात न थांबवता घाटायचं. घट्ट होऊ लागलं की पातेल्याच्या कडेला दाबून दाबून गुठळ्या मोडायच्या. मग मध्ये खळगा करून अर्धी वाटी पाणी ओतायचं, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ आणायची आणि पुन्हा घाटायचं. कुरडयांचा चीक शिजवलेला हात असेल तर तुम्हाला काहीच शिकवावं लागणार नाही. कच्च्या चिकाचा पांढरटपणा जाऊन तो चकाकू लागतो, तीच खूण इथेही. वाडगा ओला करून त्यात गोळा फिरवून घ्या. उरलेलं कच्चं पीठ डब्यात दाबून सपाट करा, वर बोटभर पाणी राहू द्या आणि ते पाणी रोज बदला. तिथल्या बायका असंच ठेवतात. फ्रिजमध्ये आठवडाभर जातं.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपल्याकडे 'कॉर्नफ्लोअर' म्हणून पांढरी भुकटी मिळते ती नुसता स्टार्च आहे, तिचा बांकू होत नाही. भाकरीचं मक्याचं पीठ घ्या, कोमट पाण्यात घट्ट भिजवा आणि झाकून दोन-तीन दिवस आंबवा. कसाव्याचं ओलं पीठ नसेल तर नुसत्या मक्याचा करा. चिकटपणा कमी येतो, चव येते.

गारीची काळजीच नको. कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजून केलेला तो रवा आहे. कोरड्या बरणीत महिनोन्‌महिने राहतो. कढत पाण्यात भुरभुरवला, झाकला, घोटला की तीन मिनिटांत एबा, म्हणजे त्याचा मऊ गोळा, तयार.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून मुद्दाम सांगते. केंकीत फक्त मका आणि मीठ, पण सोबतच्या शितो या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी आणि सुकट असते. आंटींना सांगा, त्या आसांकात, म्हणजे आतून खरबरीत असलेल्या मातीच्या वाडग्यात, टोमॅटो, कांदा, मिरची ताजी रगडून देतील. नाहीतर आपला हिरवा ठेचा घ्या. गरम केंकीबरोबर पिठलंही फार छान लागतं.

आणि त्या चिवट झालेल्या दोन-तीन गोळ्यांचं 'आइस केंकी' करा. हाताने कुस्करून गार पाण्यात अर्धा तास भिजवा, गुठळ्या मोडा, साखर, दूध पावडर आणि बर्फ घाला, वरून भाजलेले शेंगदाणे. टेमात दुपारी दोनच्या उन्हात रस्त्यावर हेच पितात. आपल्या आंबिलीसारखं दाट ठेवा, पण ताक घालू नका. आंबटपणा तिच्यात आधीच पुरेसा आहे.