हरिश्चंद्रगडावर एका रात्रीसाठी पॉवर बँक किती?

एका मुक्कामासाठी १०,००० एमएएचची पॉवर बँक भरपूर झाली. २०,०००ची वीट उगाच चढावर पाठीला जड होते. मात्र छापलेला आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. फोनला देण्यासाठी त्याचे ५ व्होल्ट करताना घट होऊन हातात साधारण ६,००० ते ६,५०० येतात. म्हणजे ५,०००चा फोन एकदा पूर्ण, वर थोडा.

खरी बॅटरी खातो तो रेंज शोधणारा फोन. पायथा सोडला की फ्लाइट मोड लावा; नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर जीपीएस तरीही चालतं. थंडीत फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, गार बॅटरी वीस टक्क्यांवरही बंद पडते.

पावसाळ्यात सोलर पॅनल घरीच ठेवा. ढगात ते शोभेचंच. ओल्या पोर्टमध्ये केबल खुपसू नका, पिना गंजतात. पोर्ट खालच्या बाजूला येईल असा फोन धरून हलकेच झटका आणि वाळू द्या. निघण्याआधी केबल घरी लावून बघा, ऐनवेळी दगा देते ती तीच.

ब्लूटूथ स्पीकर? नकोच. हेडटॉर्च मात्र हवाच, जोडीला तीन एएए सेल जादा. फोनच्या टॉर्चवर रात्री उतरायचा विचारही नको.