वाचकांचे प्रश्न: पेठेतले वाडे आणि रविवारचं श्रमदान

प्रश्न: आमच्या गावची जुनी पेठ म्हणजे एकेकाळी सगळं गाव तिथंच, सोनारआळी, कापडाची दुकानं, आठवडी बाजार. बायपास झाला तशी गिऱ्हाईकं तिकडं गेली, निम्मे वाडे कुलूपबंद, बाकीचे भाऊबंदकीत. आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी श्रमदान करायला तयार आहोत. दर्शनी भिंती रंगवून सुरुवात केली तर कसं?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: रंग नको हो, निदान पहिल्या वर्षी तरी नको. वाडा रंग उडाला म्हणून पडत नाही, तो वरून गळतो म्हणून पडतो. चार कौलं सरकली की वासा भिजतो, वासा कुजला की आढं खचतं, आणि मग एका पावसाळ्यात भिंत रस्त्यावर येते आणि नोटीस लागते. म्हणून मालकांची परवानगी घेऊन पावसाळ्याआधी कौलं शाकारणाऱ्या माणसाला वर चढवा (तुम्ही चढू नका, जुनी कौलं पायाखाली फुटतात), तुम्ही खाली पन्हळी साफ करा, गटारं मोकळी करा, भिंतीतलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच काढा. मोठं झालं असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड निखळतो, ते जाणकारावर सोडा.

आणि सिमेंट! माझ्या मामाच्या वाड्याला एका कंत्राटदारानं 'एकदम मजबूत' म्हणून जोत्यापासून छातीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर मारून दिलं, दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूनं लोणा (क्षाराची पांढरी भुकटी) फुटला, विटा बोटानं खरवडल्या की पीठ पडायचं. मातीची आणि चुन्याची भिंत ओल सोडते, सिमेंटनं ती आतच कोंडली. जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालून चुन्याच्या घाण्यात (दगडी चाकाखाली) मळायचे, तसं काम करणारे अजून सापडतात, शोधा.

रविवारच्या श्रमदानाला कमी लेखू नका मात्र. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट (शहराभोवतीचा तट) बघा, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि सगळं जुनं शहर त्याच्या आत. तटावर झाडोरा माजला होता, कचरा साठला होता, २०१७ मध्ये तिथल्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी साफसफाई सुरू केली आणि दोनशेपेक्षा जास्त दिवस ती चालवली, पुढं 'मन की बात'मध्ये नाव आलं ते नंतर. यातलं घेण्यासारखं म्हणजे ते सातत्य. तट संरक्षित असल्यामुळं डागडुजी हे पुरातत्त्व खात्याचं काम, कार्यकर्त्यांचं काम झाडू आणि कोयता. तुमच्या पेठेजवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हे आधी बघून घ्या, नाहीतर उत्साहात बसायला चौथरा बांधाल आणि फसाल.

प्रश्न: पण साफ करून माणसं येतील का परत?

उत्तर: नुसतं साफ करून नाही येणार. अहमदाबादमध्ये १९९७ साली महापालिकेनं जुन्या शहरात सकाळची हेरिटेज वॉक सुरू केली, काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून, पोळांमधून (अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांमधून). जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आलं ते २०१७ ला, म्हणजे वीस वर्षांनी. मुंबईत काळा घोडा परिसरात १९९९ पासून दरवर्षी फेस्टिवल भरतो आणि त्यातून उभे राहिलेले पैसे तिथल्याच जागांच्या दुरुस्तीला लागलेत. तुम्हाला एवढं मोठं काही नको. पेठेत अजून चालणारी दुकानं किती ते आधी मोजा, तांबट, कासार, पेढेवाला, जो असेल तो, आणि फेरी त्यांच्या दारातूनच काढा. लोक वाडा बघून फोटो काढतात, पण पैसे पेढ्याला देतात. म्हाताऱ्या मंडळींना सांगायला बसवा, कुठल्या ओसरीवर काय घडलं ते त्यांनाच ठाऊक, आणि ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, हे काम मात्र रंगाच्या आधी, शाकारणीच्याही आधी, कारण कौलं पुढच्या वर्षीही बदलता येतील.

भाऊबंदकीतल्या वाड्याला हात लावायचा तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, एकाच्या 'हो'वर जाऊ नका. आणि पहिल्या रविवारी झाडूबरोबर जाड हातमोजे घेऊन जा, बंद वाड्यात विंचू असतातच.