कुस्तीप्रेमींचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर नेला तर जुनी माणसं येतात का?

तुम्ही विचारलंय की ग्रुप तिकडं न्यायचाय पण जुनी माणसं तुटतील अशी भीती वाटते, कुणी केलंय का असं. आम्ही केलंय. पलूस, कडेगाव, विटा भागातला ग्रुप, थोडे कराडकडचे पण आहेत. माणसं येतात, पण नुसती लिंक टाकून येत नाहीत, आणि सगळी तर येतच नाहीत.

आमचा ग्रुप 2016 चा. तेव्हा 256 ची मर्यादा होती, भरला की दुसरा काढायचा, असे करत चार झाले. मैदानाचं पोस्टर चारीकडं टाकायचं, निकाल चारीकडं टाकायचा, आणि चर्चा मात्र चार वेगळ्या. एकीकडं कुस्ती निकाली झाली म्हणायचे, दुसरीकडं बरोबरीत सोडवली म्हणायचे, खरं काय ते मैदानात हजर असलेला माणूस ज्या ग्रुपात असेल तिथंच कळायचं. एप्रिल 2022 ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, पृथ्वीराज पाटलानं गदा मारली, तेव्हा तर रोज आत घ्या म्हणून फोन. पुढं त्याच वर्षी मर्यादा आधी 512 आणि मग 1024 झाली, म्हणजे जागेचा प्रश्न तसा सुटला. तरी आम्ही हललो, त्याची कारणं दोन.

एक म्हणजे वस्ताद. आमच्या ग्रुपात एक जुने वस्ताद आहेत, आता ऐंशीच्या घरात. कोरोनात जत्रा बंद, मैदानं बंद, तालमीला कुलूप, तेव्हा माणूस घरात बसून रोज रात्री व्हॉइस टाकायला लागला. कवठेपिरानच्या मारुती मानेंना त्यांनी मैदानात लढताना बघितलंय, 1962 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्ण आणि 1964 ला हिंदकेसरी झालेला हा गडी, त्यांच्याबद्दल बोलायला लागले की ऐकतच राहावं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते वस्तादांनी लहानपणी कसं ऐकलं, तेही सांगितलं. पण ग्रुपात नवीन आलेल्या पोराला मागचं काहीच दिसत नव्हतं. तालमीतली पोरं विचारायची, तो मारुती मानेंचा व्हॉइस परत टाका की, आणि आम्ही बसायचो शोधत. टेलिग्रामवर नव्या माणसाला मागचं सगळं दिसतं, तशी सेटिंग ठेवता येते.

दुसरं कारण मुली. मार्च 2023 ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि आपल्या सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. त्यानंतर कुस्ती खेळणाऱ्या पोरींचे वडील विचारायला लागले, पोरीला ग्रुपात घ्या, पण नंबर सगळ्यांना दिसणार का? दिसणारच की. शेकडो अनोळखी माणसांत पोरीचा नंबर कोण बाप देईल, मला हे फार लागलं, कारण त्यांना खेळातलंच बघायचं होतं आणि आमच्यामुळं त्या बाहेर राहत होत्या. टेलिग्रामवर नंबर लपवून नुसत्या नावानं राहता येतं.

आता चूक सांगतो. पहिल्यांदा आम्ही 2022 च्या पावसाळ्यात नेऊन बघितला. मैदानं कमी, काम निवांत होईल असा विचार. शंभरेक जण आले, बघायला काय नाही म्हणून गेले परत. दुसऱ्यांदा 2023 च्या चैत्रात केलं, भर जत्रांच्या हंगामात, कारण तेव्हा माणसाला रोज गरज असते, आज मैदान कुठंय, पहिल्या नंबरची जोड कुणाची, इनाम किती. पोस्टर आधी नव्या ग्रुपात, जुन्यात दुसऱ्या दिवशी. त्याआधी पंधरा दिवस दोन्हीकडं एकदमच टाकत होतो, तोवर कुणी हललं नव्हतं. नंतर जुना ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा केला, त्यावर लई लोक चिडले, एका जुन्या मित्रानं वेगळा ग्रुप काढला आणि काही माणसं तिकडं गेली ती गेलीच. त्याच जानेवारीत पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले, त्यावरून आमच्यात आधीच दोन तट पडले होते, त्यामुळं फूट त्याच रेषेवर झाली. ते मला अजून वाईट वाटतं.

पण गंमत बघा, पोस्टर आले, निकाल आले, तरी नव्या ग्रुपात कुणी बोलेना. तीन आठवडे नुसती शांतता. मग कळलं, वस्तादच आलेले नाहीत. हिरवं चित्र दाबायचं एवढंच त्यांना माहीत. मी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो, नातवाला बसवलं, टेलिग्राम घालून दिलं. तिथं माईकचं बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं की त्याचा कॅमेरा होतो, वस्तादांचा पहिला मेसेज असा गोल व्हिडिओ गेला, अर्धा चेहरा आणि वर घराची कौलं. पाच मिनिटांत दोनशे जण बोलायला लागले! तीन वर्षं ज्यांचा आवाज ऐकला त्यांचा चेहरा पोरांनी पहिल्यांदा बघितला ना. आता ते नातवाला समोर उभं करून एका मिनिटात डाव दाखवतात, कधी घिस्सा, कधी ढाक, हात कुठं धरायचा, वजन कुठल्या पायावर. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

म्हणून तुम्ही लिंक टाकायच्या आधी तुमच्यातली अशी दोन-तीन माणसं कोण ते बघा, ज्यांचं ऐकायला बाकीचे येतात. त्यांच्या घरी स्वतः जा. फोनवर सांगून होत नाही.

जुन्या मेसेजचं पण आधीच करा. व्हॉट्सॲपवरून चॅट एक्सपोर्ट करताना फोटो-ऑडिओसकट शेवटचे दहा हजारच मेसेज येतात, नुसता मजकूर घेतला तर चाळीस हजार. आमच्यासारख्या ग्रुपात दहा हजार म्हणजे काही महिनेच, कोरोनातले व्हॉइस त्यात आलेच नाहीत. मग आम्ही तिघांनी मिळून वस्तादांचे एकेक व्हॉइस हातानं उचलून तिकडं टाकले, प्रत्येकाखाली कुणाबद्दल आहे ते लिहिलं आणि त्याची यादी वर पिन केली. दोन महिने गेले त्यात. जुना ग्रुप डिलीट केलेला नाही, त्यात अजून साठ-सत्तर माणसं आहेत, बहुतेक म्हातारी, त्यांच्यासाठी निकाल रोज रात्री मीच टाकतो.